सुई, पडदा आणि चष्मा : बालरुग्णांवर शिकणारे हात

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत एका बालभूलतज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आपण मला येथे पाचारण केलेत, त्याबद्दल प्रथम मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करते. विषयनिवडीची मोकळीक संयोजकांनी मला दिली होती. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी या विषयांवरील व्याख्याने आपण वेळोवेळी ऐकली असतील, आणि समोरच्या रांगांतील वयोमान पाहता ती पुनःपुन्हा ऐकावीत असेच मी सुचवीन. आज मात्र मी अगदी लहान मुलांविषयी, आणि त्यातही त्यांच्यावर उपचार करणारे हात घडतात कसे, याविषयी बोलणार आहे. नातवंडांना मांडीवर घेऊन बसणारी पुष्कळ मंडळी या सभागृहात आहेत; त्यांना हा विषय परका वाटणार नाही.

एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आज ज्या डॉक्टरांचा हात अतिशय हलका आहे असे आपण कौतुकाने म्हणतो, त्यांचा हात आरंभी जड होता; मग तो हलका होईपर्यंत त्या सुया कोणाला टोचल्या गेल्या? उत्तर अप्रिय असले तरी सरळ आहे. त्या कोणत्या तरी रुग्णाला टोचल्या गेल्या. जगातील प्रत्येक अध्यापन रुग्णालय या व्यवहारावर उभे आहे. शिकाऊ डॉक्टरांना रुग्णाला हातच लावू दिला नाही, तर वीस वर्षांनी निष्णात डॉक्टर उरणार नाहीत. लावू दिला, तर आजच्या रुग्णाला त्याची किंमत द्यावी लागते. रुग्ण प्रौढ असेल तर तो निदान हात मागे घेऊ शकतो, तक्रार करू शकतो. सहा महिन्यांच्या बाळाला यातले काहीच करता येत नाही.

हा पेच किती बारीक जागेत घडतो, ते एका उदाहरणाने सांगते. तान्ह्या मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावयाची असली की त्याचा रक्तदाब हृदयाच्या ठोक्यागणिक कळावा लागतो. दंडाला पट्टा बांधून दर काही मिनिटांनी घेतलेला दाब तेथे पुरत नाही. म्हणून मनगटातील धमनीत, आपण जेथे नाडी पाहतो त्याच जागी, एक अतिसूक्ष्म प्लास्टिकची नळी बसवितात. तिच्यातून दाबही कळतो आणि रक्तातील प्राणवायू, आम्लता तपासण्यासाठी वारंवार नमुनेही घेता येतात. दोन वर्षांखालील बाळाच्या मनगटातील ही धमनी साधारण एक ते दीड मिलीमीटर रुंद असते. मोहरीचा दाणा डोळ्यांसमोर आणा. बहुधा त्याहूनही बारीक. आणि तिच्यात जावयाची २४ क्रमांकाची नळी बाहेरून सुमारे ०.७ मिलीमीटर जाडीची. म्हणजे सुईचे टोक केसभर डावी-उजवीकडे गेले की नेम चुकला.

नेम चुकला तर काय होते? बाळाला त्या वेळी भूल दिलेली असल्याने वेदना जाणवत नाही, हे खरे. परंतु टोचलेल्या जागी रक्त साकळते, धमनी आकसून घेते आणि दुसरा प्रयत्न पहिल्याहून अवघड होऊन बसतो. तिसरा त्याहूनही. मनगटे दोनच असतात. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाबरोबर शस्त्रक्रियेचा आरंभ लांबतो आणि बाळ तेवढा वेळ अधिक भुलेखाली राहते. म्हणूनच आमच्या क्षेत्रात पहिल्याच टोचणीत नळी बसणे या गोष्टीला फार मोल आहे.

पूर्वी हे काम केवळ बोटाच्या स्पर्शाने केले जाई. तर्जनीखाली ठोका जाणवला की त्या अंदाजाने सुई घालावयाची. गुटगुटीत बाळाच्या मनगटावर चरबीचा थर असतो आणि आजारी बाळाची नाडी क्षीण असते. तेव्हा हा अंदाज म्हणजे काही अंशी दैवावर भरवसाच होता. मग मदतीला सोनोग्राफी आली. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की गर्भारपण आठवते, आणि त्यात चूक नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटातील गाठी ध्वनिलहरींनी पाहता येतात हे मांडले, तेव्हापासूनच हे तंत्र स्त्रीरोग व प्रसूतीच्या दालनात रुजले. गंमत अशी, की त्यांनी प्रथम वापरलेले यंत्र कारखान्यात धातूमधील चिरा शोधण्याचे होते. पुढे हे यंत्र लहान झाले, चित्र स्पष्ट झाले आणि सुईला वाट दाखविण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. मानेतील मोठ्या शिरेत नळी घालताना सोनोग्राफीचा आधार घ्यावा, अशी शिफारस ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००२ साली केली, आणि त्यानंतर ही पद्धत भराभर पसरली.

लहान मुलांच्या बाबतीत निसर्गाने येथे एक सवलत दिली आहे. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीच्या लहरी त्यापलीकडच्या, आणि बाळांसाठी आम्ही जो चिमुकला, हॉकीच्या काठीच्या आकाराचा प्रोब वापरतो, त्याची कंपने सेकंदाला एक ते दीड कोटी किंवा त्याहूनही अधिक असतात. कंपने वाढवली की चित्र सुस्पष्ट होते, पण लहर खोलवर पोहोचत नाही. बाळाची धमनी त्वचेखाली अवघ्या काही मिलीमीटरवर असल्याने खोलीची गरजच नसते. सूक्ष्मतेमुळे आलेली अडचण उथळपणामुळे काही अंशी भरून निघते.

आता खरी अडचण. प्रोब डाव्या हातात, सुई उजव्या हातात आणि चित्र मात्र यंत्राच्या पडद्यावर. हे यंत्र बहुधा खाटेच्या बाजूला किंवा पाठीमागे, जेथे जागा मिळेल तेथे ठेवलेले. शस्त्रक्रियागृहात बाळाभोवती भुलेचे यंत्र, सलाईनचे स्टँड, औषधांची ट्रॉली, शल्यविशारदांची माणसे अशी दाटी असते. तेव्हा डॉक्टर हाताकडे पाहतो, मान वळवून पडद्याकडे पाहतो, पुन्हा हाताकडे. भगिनींना समजेल अशी उपमा देते. विळीवर भाजी चिरावयाची, पण बोटे आणि पाते पाहावयाचे ते मात्र बाजूच्या भिंतीवरील आरशात. सवयीने हेही जमेल. पण सवय होईपर्यंत बोटांचे काय?

त्यातही सोनोग्राफीची एक फसवणूक आहे, जी शिकाऊ डॉक्टरांना हमखास भोवते. प्रोब धमनीला आडवा धरला की धमनी पडद्यावर काळ्या वर्तुळासारखी दिसते आणि सुई एका चमकत्या ठिपक्यासारखी. शिकाऊला वाटते, हा ठिपका म्हणजे सुईचे टोक. प्रत्यक्षात तो सुईच्या दांड्याचा मधलाच भाग असू शकतो आणि टोक धमनीच्या पार पलीकडे गेलेले असते. यावर उपाय असा, की ठिपका दिसला की प्रोब किंचित पुढे सरकवावयाचा, ठिपका नाहीसा झाला पाहिजे. मग सुई किंचित पुढे न्यावयाची, ठिपका पुन्हा उगवला पाहिजे. असे पावलापावलाने, टोकाची पाठ न सोडता, काळ्या वर्तुळाच्या मध्यापर्यंत जावयाचे. यातील प्रत्येक पाऊल अर्ध्या मिलीमीटरचे. अशा वेळी मान वळली की हात हलतो, आणि हात हलला की ठिपका हरवतो. अनुभवी डॉक्टर न पाहताही हात स्थिर ठेवतो. शिकाऊला ते अद्याप साधलेले नसते. मला वाटते, या क्रियेत शिकाऊ आणि निष्णात यांच्यामधील अंतर शरीरशास्त्राच्या ज्ञानापेक्षा मानेच्या या हालचालीतच अधिक आहे.

येथे चष्म्याचा प्रवेश होतो. स्मार्ट चष्मा म्हणजे काचेत लहानसा पारदर्शक पडदा बसविलेला चष्मा. सोनोग्राफी यंत्रातील चित्र वायरीने किंवा बिनतारी पद्धतीने त्यात येते आणि घालणाऱ्याला ते समोर हवेत तरंगल्यासारखे दिसते. त्याच काचेतून, चित्राच्या खालीच, त्याला स्वतःचे हात आणि बाळाचे मनगटही दिसते. मान वळवावी लागत नाही. नजर किंचित वर-खाली केली की पुरे. एक गैरसमज मात्र दूर करावयास हवा. हा चष्मा घातला की त्वचेच्या आरपार धमनी दिसू लागते, असे नव्हे. चित्र तेच, सोनोग्राफीचेच. फक्त भिंतीवरचा आरसा उचलून विळीच्या शेजारी आणून ठेवला, एवढेच.

आपल्यापैकी काहींना 'गुगल ग्लास' आठवत असेल. २०१३ मध्ये तो मोजक्या लोकांच्या हाती आला, त्याचा गाजावाजा फार झाला आणि २०१५ च्या आरंभीच सर्वसामान्यांसाठी त्याची विक्री थांबली. कारखाने व रुग्णालये यांच्यासाठी त्याची वेगळी आवृत्ती २०१७ मध्ये आली, तीही २०२३ मध्ये बंद झाली. त्यामुळे ही कल्पनाच मोडीत निघाली, असे अनेकांना वाटले. परंतु इतर कंपन्यांचे, दोन्ही डोळ्यांना चित्र दाखविणारे चष्मे उपलब्ध होते आणि डॉक्टरांनी त्यांच्यावर प्रयोग चालू ठेवले. आरंभीच्या, कृत्रिम नमुन्यांवरील प्रयोगांतून मान वळविणे कमी होते असे दिसत होते, पण काम हमखास लवकर होते असे दिसत नव्हते. नवी वस्तू वापरण्याची सवय व्हावयास वेळ लागतो, हेही त्याचे एक कारण असणार.

मग दक्षिण कोरियातील सेऊल नॅशनल युनिव्हर्सिटी रुग्णालयातून एक महत्त्वाची चाचणी २०२१ मध्ये 'अनेस्थेसिऑलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दोन वर्षांखालील ११६ बालरुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले, प्रत्येकी ५८. एका गटात मनगटातील धमनीत नळी घालताना डॉक्टरांनी स्मार्ट चष्म्यातून सोनोग्राफी पाहिली, दुसऱ्या गटात नेहमीच्या पडद्यावर. पहिल्याच प्रयत्नात नळी बसली ती चष्म्याच्या गटात ५१ बाळांना आणि नेहमीच्या गटात ४२ बाळांना. पहिल्या प्रयत्नाला लागलेला मध्यम वेळ ३३ सेकंद विरुद्ध ४३ सेकंद. दहा सेकंदांचे मला विशेष अप्रूप नाही. माझे लक्ष वेधले ते तिसऱ्या आकड्याने : काही ना काही इजा वा गुंतागुंत झाली ती चष्म्याच्या गटात ३ बाळांना, नेहमीच्या गटात १७ बाळांना.

या आकड्यांकडे पाहताना थोडा संयम हवा. रुग्णालय एकच, तेही मोठे आणि बालरोगांच्या कामात मुरलेले. शिवाय औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणती व खोटी कोणती हे डॉक्टरांपासून लपविता येते; नाकावरचा चष्मा लपविता येत नाही. नव्या साधनाच्या उत्साहाचा परिणाम अशा वेळी पूर्णपणे वजा करता येत नाही. तरीही १७ आणि ३ यांतील अंतर केवळ उत्साहाचे असेल, असे मला वाटत नाही.

आता शिकाऊ डॉक्टरांकडे पुन्हा वळू. नवशिक्याला एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळावयाच्या असतात : हात, चित्र आणि बाळ. चष्मा यातील हात आणि चित्र यांना एकाच नजरेत आणतो, म्हणून ज्याला या ओझ्याचा भार सर्वाधिक वाटतो, त्याला लाभही अधिक व्हावा असा तर्क आहे. दुसरा लाभ गुरूच्या बाजूचा. तेच चित्र एकाच वेळी यंत्राच्या पडद्यावरही राहते. शिकविणारा ते पाहत, विद्यार्थ्याच्या हातावरील नजर न हलविता, "थांब, तुझे टोक पुढे गेले आहे" असे सांगू शकतो.

पण तोटेही सांगितलेच पाहिजेत. समोर तरंगणारे चित्र मन बांधून टाकते. त्यात गुंतलेल्या डॉक्टराला बाळाच्या ओठांचा रंग बदललेला किंवा मॉनिटरवरील आकडा उतरलेला लक्षात येत नाही, अशी भीती रास्त आहे. म्हणून बाळाकडे पाहणारी दुसरी जबाबदार व्यक्ती तेथे असलीच पाहिजे. बिनतारी चित्र क्षणभर मागे पडले, तर सुई पुढे आणि चित्र मागे असा घोळ होतो. शस्त्रक्रियागृहाच्या प्रखर दिव्यांत चित्र फिके पडते. ज्यांना आधीच नंबरचा चष्मा आहे, त्यांची आणखीच पंचाईत. आणि सर्वांत मोठा आक्षेप आमच्या ज्येष्ठ मंडळींचा : कुबडी घेऊन चालावयास शिकलेला माणूस कुबडीवाचून पडेल. चष्म्यावर शिकलेला डॉक्टर उद्या तालुक्याच्या गावी गेला, तेथे चष्मा नाही, मग?

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण हेच बोल सोनोग्राफी आली तेव्हाही ऐकू आले होते, की आता मुलांना बोटाने नाडी शोधता येणार नाही. काही अंशी ते खरेही ठरले. म्हणून विद्यार्थ्याला दोन्ही रीती शिकवाव्यात, आणि चष्म्याच्याही आधी एक बिनखर्चाची गोष्ट शिकवावी, असे माझे मत आहे. सुई हातात घेण्यापूर्वी यंत्र उचलून अशा जागी आणावे, की डॉक्टरचे डोळे, बाळाचे मनगट आणि पडदा एका सरळ रेषेत येतील. त्यासाठी फक्त ट्रॉली सरकवावी लागते आणि दोन माणसांना बाजूला व्हावयास सांगावे लागते. चष्म्याचा निम्मा लाभ तेथेच पदरात पडेल. ज्या विभागात ट्रॉली सरकवण्याचीही शिस्त नाही, तेथे चष्मा आणून काय साधणार?

दुसरी गोष्ट, पहिल्या वीस-पंचवीस सुया बाळाला टोचल्याच जाऊ नयेत. त्यासाठी कृत्रिम नमुने असतात. तयार नमुने महाग मिळतात, पण घरी बनविलेलेही उत्तम चालतात. पुष्कळ ठिकाणी ते जिलेटिनचे करतात. जिलेटिन प्राणिजन्य असते, हे आपणांस ठाऊकच आहे. त्याची मुळीच आवश्यकता नाही. समुद्री शेवाळापासून मिळणारे अगर, ज्याला किराणा दुकानात आपण चायना ग्रास म्हणतो, ते पाण्यात शिजवून त्यात इसबगोल मिसळले, की सोनोग्राफीत ते बरेचसे मांसपेशीसारखे करडे दिसते. थिजण्यापूर्वी त्यात रंगीत पाणी भरलेली बारीक रबरी नळी ठेवावी. पडद्यावर तीच धमनी. सोयाबीनच्या टोफूवरही सराव करतात. या सामग्रीत विद्यार्थी संध्याकाळभर सुई घालत बसू शकतो आणि कोणालाही इजा होत नाही. चष्म्याची सवयही आधी येथेच व्हावयास हवी.

आपल्याकडे आणखी एक विचार करावा लागतो, तो कायद्याचा. गर्भलिंगनिदानाच्या अघोरी प्रकाराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यानुसार सोनोग्राफीचे यंत्र असलेल्या केंद्राची नोंदणी अनिवार्य आहे आणि हलविता येणाऱ्या यंत्रांवर विशेष निर्बंध आहेत. बाळाच्या मनगटावर वापरावयाचे यंत्रही यातून सुटत नाही. कोणी परदेशातून छोटा प्रोब आणि चष्मा पिशवीत घालून आणला आणि लागला वापरू, असे येथे चालणार नाही. कागदपत्रांचा त्रास होतो, असे काही सहकारी म्हणतात. ज्या कारणासाठी हा कायदा करावा लागला, ते कारण आठवले की मला त्या त्रासाबद्दल तक्रार करवत नाही.

शिवाय यातील काही चष्म्यांना कॅमेरा असतो. शस्त्रक्रियागृहातील बाळाचे चित्रण पालकांच्या लेखी संमतीवाचून होता कामा नये आणि शिकविण्याखेरीज त्याचा अन्य वापर होता कामा नये.

संमतीचा विषय निघालाच आहे, तर पालकांना आणि आजी-आजोबांना सांगते. अध्यापन रुग्णालयात मुलाला दाखल कराल तेव्हा संमतिपत्रावर घाईने सही करू नका. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपूर्वी भेटावयास येतात, तेव्हा शांतपणे विचारा, की नळी कोण घालणार? शिकाऊ डॉक्टर घालणार असतील तर शेजारी कोण उभे राहील? किती प्रयत्नांनंतर ते ज्येष्ठांच्या हाती काम सोपवतील? चांगल्या विभागात ही मर्यादा आधीच ठरलेली असते आणि विचारल्याचा राग कोणालाही येत नाही. शिकाऊ डॉक्टर नकोच, असा हट्ट मात्र धरू नका अशी विनंती आहे. ज्येष्ठांच्या नजरेखाली, नमुन्यावर हात बसवून आलेला निवासी डॉक्टर पुष्कळदा अत्यंत काळजीपूर्वक काम करतो. त्याच्यावर दोन डोळे अधिक असतात.

मला दिलेली वेळ संपत आली आहे. भुलेविषयी, सोनोग्राफीविषयी किंवा आपल्या घरातील बालकाच्या शस्त्रक्रियेविषयी ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी निःसंकोच विचारावे. अगरचा एक नमुना मी सोबत आणला आहे, तो बाहेर टेबलावर ठेवला आहे. मुलांना सुई वगळून बाकी सर्व हाताळू द्यावे.